संगणकाची सुरक्षित अवस्था

एका शुक्रवारची सकाळ

शुक्रवार, १९ जुलै २०२४ रोजी सकाळी बेंगळुरूच्या केंपेगौडा आंतरराष्ट्रीय विमानतळावर प्रवाशांच्या रांगा एकाएकी लांबू लागल्या. प्रवाशाचे नाव, त्याचे आसन आणि सामान यांची नोंद घेऊन त्याला बोर्डिंग पास देण्याचे काम ज्या संगणक-प्रणालीवर चालते, ती नॅव्हिटेअर नावाची प्रणाली १०.४० वाजल्यापासून विस्कळीत झाली होती. इंडिगो, अकासा, स्पाइसजेट व एअर इंडिया एक्स्प्रेस या कंपन्यांच्या कामकाजाला त्याचा फटका बसला. कर्मचाऱ्यांनी कागद-लेखणी हाती घेऊन नोंदी सुरू केल्या. देशातील काही विमानतळांवर बोर्डिंग पासही हाताने लिहून देण्यात आले आणि हैदराबाद येथील अशा एका पासाचे छायाचित्र त्या दिवशी दूरवर पोहोचले. इंडिगोला आपली जवळजवळ २०० उड्डाणे रद्द करावी लागली.

त्याच सकाळी जगभरातील बँका, रुग्णालये, दुकाने व कार्यालये यांतील विंडोज कार्यप्रणालीवर चालणारे असंख्य संगणक एकाच रीतीने आजारी पडले. पडदा निळा होई, त्यावर बिघाडाची सूचना उमटे, संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होई आणि पुन्हा त्याच निळ्या पडद्यावर येऊन थांबे. असे चक्र अखंड चाले. मायक्रोसॉफ्ट कंपनीने पुढे केलेल्या अंदाजानुसार अशा संगणकांची संख्या सुमारे ८५ लाख होती. जगातील एकूण विंडोज संगणकांच्या मानाने हे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी होते. परंतु ते संगणक नेमके मोठमोठ्या संस्थांच्या कामाच्या जागी असल्यामुळे परिणाम फार मोठा झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. अमेरिकेच्या मध्य भागातील मायक्रोसॉफ्टच्या संगणक-केंद्रांत आदल्या रात्रीपासूनच एक निराळा बिघाड चालू होता. त्याचा आणि निळ्या पडद्यांचा परस्परांशी संबंध नव्हता. रांगेत उभ्या असलेल्या प्रवाशाला मात्र दोन्ही मिळून एकच संकट दिसले. दोन दुखणी एका वेळी आली म्हणजे निदान करणाऱ्याची वाट किती अवघड होते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

निळ्या पडद्याच्या दुखण्यावर उपाय लवकर सापडला. भारत सरकारच्या सर्ट-इन या संगणक-सुरक्षा संस्थेने त्याच दिवशी काढलेल्या सूचनेत तो दिला होता. त्याची पहिलीच पायरी अशी होती की, संगणक ‘सेफ मोड’मध्ये, म्हणजे सुरक्षित अवस्थेत, सुरू करावा. ही अवस्था म्हणजे काय, तिच्यात संगणक काय करतो व काय टाळतो, आणि बिघाड शोधू पाहणाऱ्याला तिचा उपयोग कसा होतो, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

संगणक जागा कसा होतो

सुरक्षित अवस्था समजण्यासाठी नेहमीची अवस्था प्रथम समजून घेतली पाहिजे. संगणकाचे बटन दाबल्यापासून पडद्यावर कामाची जागा दिसेपर्यंत जे घडते, ते एका झटक्यात घडल्यासारखे वाटते. वस्तुतः ती पायऱ्यापायऱ्यांची चढण आहे आणि प्रत्येक पायरी तिच्या खालच्या पायरीवर उभी असते.

सर्वप्रथम यंत्राच्या मुख्य पाटावर कायमची कोरलेली एक छोटी आज्ञावली जागी होते. स्मृती, कळफलक, डिस्क इत्यादी अवयव जागेवर आहेत की नाहीत हे ती तपासते आणि डिस्कवरील कार्यप्रणाली कोठून उचलावयाची हे ठरवते. त्यानंतर कार्यप्रणालीचा गाभा, ज्याला कर्नल असे म्हणतात, स्मृतीत येतो. यंत्राच्या सर्व साधनांवर या गाभ्याचा पूर्ण अधिकार असतो.

गाभ्यापाठोपाठ ड्रायव्हर येतात. ड्रायव्हर म्हणजे एखाद्या यंत्रभागाशी कसे बोलावे हे कार्यप्रणालीला सांगणारी आज्ञावली. पडद्याचा ड्रायव्हर निराळा, ध्वनीचा निराळा, छापणीयंत्राचा निराळा. कार्यप्रणालीची निर्माती कंपनी काही ड्रायव्हर स्वतः पुरवते आणि इतर ड्रायव्हर ज्या त्या यंत्रभागाचे निर्माते पुरवतात. विषाणूंपासून रक्षण करणाऱ्या काही आज्ञावल्याही ड्रायव्हरच्याच रूपाने गाभ्याच्या शेजारी जाऊन बसतात. कारण चोराच्या आधी पहारेकरी जागा झाला पाहिजे. त्यानंतर पडद्याआड चालणाऱ्या सेवा सुरू होतात आणि अखेरीस, वापरणाऱ्याने आपली ओळख पटवल्यावर, आपोआप सुरू होण्यासाठी नोंदलेल्या आज्ञावल्या एकामागून एक उघडतात.

या चढणीतील एक भेद फार महत्त्वाचा आहे. लेखनाची किंवा हिशेबाची साधी आज्ञावली चुकली, तर कार्यप्रणाली तिला बंद करते आणि बाकीचे काम चालू राहते. परंतु गाभ्याच्या शेजारी बसलेला ड्रायव्हर चुकला, तर त्याला आवरणारे वरचे कोणी नसते. अशा वेळी माहितीची आणखी हानी होऊ नये म्हणून कार्यप्रणाली सगळेच काम थांबवते. १९ जुलैला दिसलेला निळा पडदा म्हणजे हे थांबणे होय. तो दिसतो तेव्हा रोग आधीच झालेला असतो आणि पडदा त्याची खबर देतो.

सुरक्षित अवस्था म्हणजे काय

नेहमी सुरू होणाऱ्या संगणकात अशा रीतीने शेकडो आज्ञावल्यांची गर्दी असते. त्यांपैकी एखादी नासकी निघाली, तर तिला गर्दीतून ओळखून काढणे कठीण जाते. सुरक्षित अवस्थेत संगणक ही गर्दी दाराबाहेर ठेवतो आणि ज्यांच्यावाचून चालणारच नाही एवढ्यांनाच आत घेतो.

जुन्या पद्धतीचे वैद्य पोट बिघडलेल्या माणसाला काही दिवस नुसत्या पेजेवर ठेवीत. पेज हे औषध नव्हे. तिच्यामुळे पोटाला विसावा मिळतो, आणि पुढे एकेक पदार्थ पानात वाढत गेल्यावर कोणता पदार्थ बाधतो हे समजते. सुरक्षित अवस्था ही संगणकाची पेज आहे. तिच्यामुळे रोग बरा होत नाही. रोग कोठे आहे हे पाहण्यापुरती स्वस्थता मिळते.

विंडोज संगणकाच्या पोटात याची एक यादी लिहून ठेवलेली असते. सुरक्षित अवस्थेत कोणते ड्रायव्हर व कोणत्या सेवा सुरू कराव्यात हे त्या यादीवरून ठरते. कळफलक, माऊस, डिस्क आणि साधासुधा पडदा यांचे ड्रायव्हर तिच्यात असतात. ध्वनी, छापणीयंत्र, चित्रांसाठीचा खास ड्रायव्हर, इतर कंपन्यांच्या बहुतेक सेवा आणि आपोआप सुरू होणाऱ्या आज्ञावल्या तिच्यात नसतात. म्हणूनच या अवस्थेत पडद्यावरील अक्षरे बोजड दिसतात, पार्श्वभूमी काळी असते आणि चारही कोपऱ्यांत ‘सेफ मोड’ हे शब्द लिहिलेले असतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला संगणक अधिकच बिघडल्यासारखा वाटतो. वास्तविक ते कोपऱ्यांतील शब्द संगणक ताळ्यावर असल्याची खूण आहेत.

घरगुती वापराच्या विंडोजमध्ये ही सोय १९९५ साली, विंडोज ९५ बरोबर आली. त्या काळी संगणक सुरू होत असताना एफ-८ ही कळ दाबावी लागे. पुढे यंत्रे इतक्या वेगाने सुरू होऊ लागली की कळ दाबण्यास अवधीच उरला नाही. तेव्हा २०१२ च्या विंडोज ८ पासून ती कळ नेहमीच्या मांडणीतून वगळण्यात आली आणि दुसरा मार्ग देण्यात आला. सुरक्षित अवस्था ही केवळ विंडोजची मिरास नाही. अ‍ॅपलच्या मॅक संगणकांत, लिनक्समध्ये आणि अँड्रॉइड फोनमध्येही, थोड्याफार फरकाने, ही सोय आढळते.

विंडोजमध्ये तिचे तीन प्रकार आहेत. पहिला साधा प्रकार. दुसऱ्यात त्याला जाळ्याची, म्हणजे नेटवर्कची, जोड असते, त्यामुळे एखादा दुरुस्त ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवून घेता येतो. तिसऱ्या प्रकारात नेहमीची चित्रमय मांडणी न येता आज्ञा टंकून काम करावयाची काळी चौकट समोर येते. ती जाणकारांसाठी आहे. बिघाडाचे कारण विषाणू असल्याचा संशय असेल, तर पहिला प्रकार निवडणे शहाणपणाचे ठरते.

तेथे पोहोचण्याचा मार्ग

संगणक कसाबसा का होईना सुरू होत असेल, तर विंडोज १० व ११ मध्ये शिफ्ट ही कळ दाबून धरावी आणि बंद करण्याच्या यादीतील ‘रीस्टार्ट’ हा पर्याय निवडावा. निळ्या रंगाची एक यादी समोर येते. तीत अनुक्रमे ‘ट्रबलशूट’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ आणि पुन्हा ‘रीस्टार्ट’ हे पर्याय निवडत जावे. संगणक पुन्हा सुरू झाल्यावर क्रमांक घातलेली यादी दिसते. तीत ४ हा आकडा साध्या सुरक्षित अवस्थेसाठी, ५ जाळ्यासह आणि ६ काळ्या चौकटीसाठी असतो.

संगणक मुळीच सुरू होत नसेल, तर मार्ग जरा वेगळा आहे. सुरू होण्याच्या बेतात असताना बटन दाबून धरून तो बंद करावा, आणि असे लागोपाठ दोन-तीन वेळा करावे. आपली चढण वारंवार अर्ध्यावर तुटते आहे हे कार्यप्रणालीच्या ध्यानात येते आणि मग ती दुरुस्तीची यादी स्वतःहून समोर ठेवते. पुढील पायऱ्या वर सांगितल्याप्रमाणेच होत.

या वाटेवर दोन ठिकाणी ठेच लागते. पहिली म्हणजे, नेहमीच्या छोट्या सांकेतिक आकड्याऐवजी खात्याचा पूर्ण पासवर्ड विचारला जाण्याचा संभव असतो. दुसरी अधिक गंभीर आहे. अलीकडच्या बहुतेक संगणकांतील डिस्क चोरीच्या भयाने कुलूपबंद केलेली असते. विंडोजच्या या कुलपाला बिटलॉकर म्हणतात. नेहमीच्या सुरुवातीत ते आपोआप उघडते. पण संगणक आडवाटेने सुरू केला की ते ४८ अंकांची किल्ली मागते. ही किल्ली कोठे ठेवली आहे हे ठाऊक नसेल, तर पुढचे सर्व ज्ञान निरुपयोगी होते.

निदानाची रीत

सुरक्षित अवस्थेत पोहोचल्यावर पहिला प्रश्न विचारावयाचा तो असा: बिघाड येथेही दिसतो काय? या एका प्रश्नाच्या उत्तराने शोधाचे क्षेत्र दोन भागांत विभागले जाते.

बिघाड नाहीसा झाला, तर यंत्र आणि कार्यप्रणालीचा गाभा बहुधा निरोगी आहेत आणि दोष दाराबाहेर ठेवलेल्या गर्दीत आहे, असे मानण्यास आधार मिळतो. बिघाड येथेही कायम राहिला, तर संशय डिस्क, स्मृती किंवा कार्यप्रणालीच्या मूळ फाईलींकडे वळवला पाहिजे. अशा वेळी नव्या आज्ञावल्या काढून टाकत बसणे म्हणजे दुखणे रेड्याला आणि औषध पखालीला, असा प्रकार होतो.

समजा, एखाद्या छोट्या कार्यालयातील संगणकाचा पडदा काम करताना वारंवार थरथरतो आणि काळा पडतो. सुरक्षित अवस्थेत तो तासभर चालवून पाहिला आणि पडदा स्थिर राहिला. सुरक्षित अवस्थेत चित्रांचा खास ड्रायव्हर वापरला जात नाही, साधा ड्रायव्हर वापरला जातो. तेव्हा पहिला संशय त्या खास ड्रायव्हरवर जातो. उपकरणांच्या यादीत जाऊन त्याची आधीची आवृत्ती परत बसवावी, संगणक नेहमीप्रमाणे सुरू करावा आणि पाहावे. याउलट सुरक्षित अवस्थेतही पडदा थरथरत राहिला, तर तार, पडदा किंवा चित्रयंत्रणेचा भाग तपासावा. दोन्ही वेळा पैसे खर्च होण्यापूर्वी विचार खर्च झाला आणि तो स्वस्त पडला.

दोष गर्दीत आहे एवढेच कळले आणि गर्दी मोठी असली, तर घरातील वीज-दुरुस्ती करणारा वायरमन जे करतो तेच करावे. फ्यूज वारंवार उडत असेल, तर तो सगळी बटने बंद करतो आणि मग एकेक लावत जातो. ज्या बटनासरशी फ्यूज उडेल तेथे दोष. संगणकात हेच काम निम्म्यानिम्म्याने अधिक वेगाने होते. आपोआप सुरू होणाऱ्या ३२ आज्ञावल्या असतील, तर प्रथम १६ बंद कराव्यात. बिघाड गेला तर दोष त्या १६ मध्ये, राहिला तर उरलेल्या १६ मध्ये. पुढे ८, ४, २ आणि १ असे करत गेल्यास पाचच प्रयोगांत दोषी आज्ञावली हाती येते, मात्र दोष एकाच आज्ञावलीत असला पाहिजे. एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदल वहीत टिपून ठेवावा, हा नियम येथे कसोशीने पाळला पाहिजे. घाईघाईने चार बदल एकदम करणाऱ्याचा संगणक कदाचित सुधारतो, पण कशाने सुधारला हे त्याला समजत नाही, आणि तोच बिघाड परतला म्हणजे तो पुन्हा आरंभापाशी उभा असतो.

सुरक्षित अवस्थेत सर्वच कामे होतात असे नाही. काही आज्ञावल्या काढून टाकण्यासाठी ज्या सेवेची गरज असते, ती सेवाच येथे बंद असते. ‘सुरक्षित’ या शब्दाचा अर्थही नीट समजून घ्यावा. ही अवस्था बिघाडापासून सुरक्षित आहे, शत्रूपासून नव्हे. येथे पहारेकरीही बहुधा झोपलेला असतो. स्नॅच नावाच्या खंडणीखोर आज्ञावलीने २०१९ मध्ये नेमका याचाच फायदा घेतला. ती संगणकाला सुरक्षित अवस्थेत सुरू होण्यास भाग पाडी आणि रक्षक जागा नाही असे पाहून फाईली कुलूपबंद करी. काम संपताच या अवस्थेतून बाहेर पडावे, ते याचसाठी.

१९ जुलैला काय बिघडले होते

आता त्या शुक्रवारकडे पुन्हा वळू. क्राउडस्ट्राइक ही अमेरिकेतील संगणक-सुरक्षा कंपनी फाल्कन नावाचा पहारेकरी पुरवते. त्याचा ड्रायव्हर गाभ्याच्या शेजारी बसतो, आणि नव्या हल्ल्यांची लक्षणे सांगणाऱ्या छोट्या फाईली त्याला वेळोवेळी पाठवल्या जातात. १९ जुलैला भारतीय वेळेनुसार सकाळी ९.३९ वाजता अशी एक फाईल पाठवण्यात आली. तिचा क्रमांक होता २९१.

कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चिकित्सेत दोषाचे स्वरूप सांगितले आहे. त्या प्रकारच्या माहितीसाठी २१ रकाने ठरवलेले होते. ड्रायव्हरला मात्र २० रकान्यांतीलच माहिती पुरवली जात होती. आधीच्या फाईलींत एकविसाव्या रकान्यात काहीही असले तरी चालेल, अशी खूण असे. त्यामुळे तो रकाना उघडून पाहण्याची वेळच आली नाही आणि चाचण्यांतही उणीव दिसली नाही. त्या दिवशीच्या फाईलीने प्रथमच एकविसाव्या रकान्यातील मजकूर तपासण्यास सांगितले. ड्रायव्हरने जेथे काहीच नव्हते तेथे हात घातला, आणि गाभ्याशेजारचा तो हात चुकताच सगळा संगणक थांबला. पाठवण्यापूर्वी फाईल तपासणाऱ्या आज्ञावलीतही दोष असल्याने ती तेथेही अडली नाही.

१०.५७ वाजता, म्हणजे ७८ मिनिटांनी, कंपनीने ती फाईल मागे घेतली. परंतु मागे घेणे आणि दुरुस्त करणे यांत येथे फार मोठे अंतर होते. नवी, निर्दोष फाईल घेण्यासाठी संगणक सुरू होऊन जाळ्याशी जोडला गेला पाहिजे, आणि हे संगणक तर तेथपर्यंत पोहोचण्यापूर्वीच कोसळत होते. पुन्हा पुन्हा सुरू करीत राहिल्याने काही संगणकांना कोसळण्यापूर्वी नवी फाईल मिळाली. मायक्रोसॉफ्टने आपल्या केंद्रांतील काही आभासी संगणकांसाठी १५ वेळापर्यंत हा प्रयत्न करण्यास सुचवले होते. बाकीच्यांसाठी सुरक्षित अवस्था किंवा दुरुस्तीची यादी यांखेरीज वाट नव्हती.

सुरक्षित अवस्थेच्या यादीत क्राउडस्ट्राइकचा ड्रायव्हर नाही. त्यामुळे तेथे तो जागा होत नाही, एकविसाव्या रकान्यात हात घालत नाही आणि संगणक शांतपणे उभा राहतो. मग विंडोजच्या सिस्टिम-३२ या कप्प्यातील ड्रायव्हर्स आणि त्याखालील क्राउडस्ट्राइक या कप्प्यात जावे, सी-०००००२९१ या अक्षरांनी सुरू होणारी फाईल पुसून टाकावी आणि संगणक नेहमीप्रमाणे सुरू करावा. दुरुस्ती एवढीच होती. रोग कळला होता, औषध कळले होते आणि ते फुकट होते.

तरीही जगाला सावरण्यास दिवस लागले, कारण हे औषध दुरून देता येत नव्हते. सुरक्षित अवस्थेत जाण्यासाठी कोणीतरी त्या संगणकासमोर बसून कळा दाबाव्या लागत. एका संगणकास दहाच मिनिटे लागतात असे धरले, तरी २०० संगणकांच्या कार्यालयासाठी एका माणसाचे ३३ तास होतात. त्यात ४८ अंकी किल्ल्यांचा प्रश्न होता. काही संस्थांत या किल्ल्या ज्या मध्यवर्ती संगणकावर जपून ठेवल्या होत्या, तोच संगणक निळा पडदा दाखवीत होता. किल्ली कपाटात ठेवून कपाटालाच कुलूप लावण्यासारखा हा प्रकार झाला. भारतात विमान कंपन्यांचे व्यवहार दुसऱ्या दिवशी, शनिवारी पहाटे ३ पासून सुरळीत झाल्याचे केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्र्यांनी सांगितले. जगातील ९७ टक्क्यांहून अधिक विंडोज संगणकांवरील पहारेकरी पुन्हा कामावर आल्याचे क्राउडस्ट्राइकने जाहीर केले ते २५ जुलैला, म्हणजे सहा दिवसांनी.

या अनुभवानंतर मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये विंडोज ११ साठी एक नवी सोय दिली. वारंवार कोसळणारा संगणक दुरुस्तीच्या अवस्थेत जाऊन जाळ्याशी स्वतः जोडला जातो आणि उपाय उपलब्ध असल्यास तो उतरवून घेतो. माणसाने जे हाताने केले, ते यंत्राला शिकवण्याचा हा प्रयत्न होय.

जेथे हात पोहोचत नाही

संगणकासमोर कोणी बसूच शकत नसेल तर काय करावे, या प्रश्नाचा विचार बेंगळुरूत फार आधीपासून चालत आला आहे. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे, म्हणजे इस्रोचे, मुख्यालय याच शहरात आहे. उपग्रहांशी व अंतराळयानांशी संपर्क ठेवणारे तिचे केंद्रही येथेच आहे, आणि शहराजवळील ब्यालाळू येथे ३२ मीटर व्यासाची थाळी दूरच्या यानांचे क्षीण संदेश टिपते.

५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघालेले मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत पोहोचले. मंगळ पृथ्वीपासून सर्वांत दूर असतो तेव्हा संदेश जाऊन उत्तर येण्यास ४० मिनिटांहून अधिक काळ लागतो. जून २०१५ मध्ये तर मंगळ सूर्याच्या पलीकडे गेल्यामुळे यानाशी संपर्क अनेक दिवस तुटला होता. तेथे कळ दाबण्यास कोणीही जाऊ शकत नव्हते. म्हणून अशा यानाला स्वतःचा बिघाड ओळखण्यास आणि सुरक्षित अवस्थेत स्वतःहून जाण्यास शिकवावे लागते. त्या अवस्थेत यान अनावश्यक उपकरणे बंद करते, विजेसाठी आपले सौरपंख सूर्याकडे वळवते, संदेशासाठी ॲन्टेना पृथ्वीकडे वळवते आणि आज्ञेची वाट पाहते. ऊर्जा आणि संपर्क एवढेच ते राखते; बाकी सर्व थांबवते.

टेबलावरील संगणक आणि मंगळाभोवतीचे यान यांत तत्त्व एकच आहे. कशावाचून चालणार नाही याची यादी संकट येण्यापूर्वी, शांतपणे बसून, केलेली असावी लागते. संकटाच्या घटकेला ती करू म्हटले तर जमत नाही.

वापरणाऱ्याने करावयाची तयारी

हीच गोष्ट घरातील व कार्यालयातील संगणकाला लागू आहे. संगणक ठणठणीत असताना एकदा सुरक्षित अवस्थेत जाऊन यावे. वाट पायाखालची झाली म्हणजे अडचणीच्या वेळी भीती वाटत नाही. डिस्कच्या कुलपाची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून घ्यावी आणि तो कागद संगणकापासून दूर, पण घरातल्या जाणत्या माणसाला सापडेल अशा जागी ठेवावा. महत्त्वाच्या फाईलींची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर असू द्यावी. नवी आज्ञावली किंवा नवे उपकरण बसवल्यास त्याची तारीख टिपून ठेवावी, कारण बिघाड सुरू झाला तेव्हा शेवटचा बदल कोणता होता, हा निदानातील सर्वांत उपयोगी प्रश्न असतो. कार्यालयात याखेरीज आणखी एक व्यवस्था हवी: संगणक बंद पडला तर काम कागदावर कसे चालवावयाचे, हे तेथील माणसांनी आधी ठरवून ठेवलेले असावे.

बेंगळुरूच्या विमानतळावर त्या सकाळी जी माणसे विमानात बसली, ती बसली याचे कारण कोणाला तरी हाताने नोंद करता येत होती. कागद, लेखणी आणि प्रवाशांची नावे एवढ्यावर काम चालू राहिले; ते संथ चालले, चुका सांभाळत चालले, पण थांबले नाही. तीही एक प्रकारची सुरक्षित अवस्थाच होती.